पाहुणे, खंडणी आणि तीन इतिहासकार

महाराष्ट्रातून माळव्याच्या सहलीस येणाऱ्या मंडळींचा ओघ अलीकडे बराच वाढला आहे. उज्जैनला महाकालाचे दर्शन, मग ओंकारेश्वर, एक मुक्काम महेश्वरी, वेळ उरल्यास मांडू आणि परतीच्या आदल्या रात्री इंदूरच्या सराफ्यात खाणे, असा त्यांचा तीन-चार दिवसांचा बेत असतो. यांपैकी काही मंडळी आपल्या घरी उतरतात. कोणी मावसबहिणीचे कुटुंब, कोणी व्याह्यांचे शेजारी. त्यांना गाव दाखवण्याचे काम घरातील निवृत्त माणसाकडे आपोआप येते. मी ते गेली काही वर्षे आनंदाने करीत आलो आहे.

या कामात आपण सर्वजण जी कथा सांगतो तिचा साचा ठरलेला आहे. बाजीराव नर्मदा उतरला, मल्हारराव होळकरांना माळव्याचा मुलूख मिळाला, अहिल्याबाईंनी महेश्वरी राजधानी नेली, काशीपासून सोरटी सोमनाथापर्यंत देवळे आणि घाट बांधले. यात असत्य काहीच नाही. २०२५ साली देवी अहिल्याबाईंची त्रिशताब्दी झाली, मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठकही त्या निमित्ताने राजवाड्यात भरली. तेव्हा ही कथा पुन्हा एकदा गावोगाव सांगितली गेली, ते योग्यच झाले. परंतु या कथेत एक उणीव मला हळूहळू जाणवू लागली. आपण सांगतो त्या कथेत माळवा जणू रिकामा असतो. आपण आलो त्या घरी आधी कोणी राहत होते, त्यांचे आपल्याविषयी काय मत होते, हे पाहुण्यांना आपण सांगत नाही. आणि पुष्कळदा आपल्यालाही ते ठाऊक नसते. इतकेच काय, राजवाडा १८०१ साली जाळला तो कोणा परक्याने नव्हे, दौलतराव शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने, हेही सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. १९०८ आणि १९८४ च्या आगी मात्र आपण तपशिलाने सांगतो.

माझ्या शासकीय सेवेची काही वर्षे मंदसौर जिल्ह्यात गेली. तेथील एका जुन्या रजपूत ठिकाण्याच्या घराण्यातील गृहस्थ कचेरीत माझे सहकारी होते. पुढे ते कुटुंबाचे स्नेही झाले. त्यांचा हा स्नेह आजतागायत टिकून आहे. मी मल्हाररावांविषयी काही अभिमानाने बोललो की ते शांतपणे ऐकून घेत आणि मग सांगत की त्यांच्या आजीच्या तोंडी आमच्या लोकांच्या काळाला एकच नाव होते, ‘गर्दी का वक़्त’. हे नाव काही त्यांच्या आजीने पाडलेले नव्हे. सर जॉन माल्कमने १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहिला, त्या काळातील लोकांच्या तोंडीही हेच नाव होते. आपल्या मराठीत गर्दी म्हणजे माणसांची दाटी. पण ‘भाऊगर्दी’ या शब्दात तिचा जुना अर्थ, म्हणजे धुमाकूळ आणि कत्तल, अजून शिल्लक आहे. एकच शब्द, आणि त्याची आठवण दोन घरांत दोन प्रकारची. माल्कमच्या काळातील गर्दी मुख्यतः १८०० नंतरच्या पेंढारी आणि लष्करी अंदाधुंदीची होती, आणि मल्हाररावांचा काळ निराळा होता, असा खुलासा मी करीत असे. स्नेही तो मान्य करीत, मात्र आजीच्या वतीने नव्हे.

त्यांच्यामुळे मी दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचू लागलो. दोन्ही जयपूरचे आहेत आणि त्यांच्यामध्ये अवघे पंधरा-सोळा वर्षांचे अंतर आहे.

पहिला प्रसंग १७३५ सालचा. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई त्या वर्षी फेब्रुवारीत उत्तरेच्या यात्रेस निघाल्या. पती बाळाजी विश्वनाथ यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती, आणि काशी-गयेची इच्छा राहिली होती. बऱ्हाणपूरवरून नर्मदा ओलांडून आपल्या या माळव्यातूनच त्या पुढे गेल्या. मे महिन्यात उदयपुरास पोहोचल्या, तेथे महाराण्याने त्यांचा सन्मान केला, जूनमध्ये जयपूर. सवाई जयसिंहाने त्यांना पावसाळ्यात ठेवून घेतले, आदरसत्कारात काही कमी पडू दिले नाही आणि पुढच्या वाटेची व्यवस्थाही लावून दिली. मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग करून ऑक्टोबरात काशी, मग गया, आणि १७३६ च्या उन्हाळ्यात पुन्हा पुणे. या यात्रेत त्यांच्या संरक्षणासाठी स्वार देणाऱ्यांत महंमदखान बंगश होता. हा तोच बंगश, ज्याला १७२९ साली जैतपुरास छत्रसालाच्या मदतीला धावून गेलेल्या बाजीरावांनी जेरीस आणले होते आणि ज्याची माळव्याची सुभेदारी पुढे मराठ्यांच्या धामधुमीतच गेली. बाजीरावाची आई ती आपलीही आई, असे मानून त्याने वागणूक ठेवली, असे तत्कालीन पत्रव्यवहारावरून दिसते.

या पाहुणचारात राजकारण होते काय? होतेच. जयसिंह त्या वेळी बादशहाच्या वतीने माळव्याचा सुभेदार होता, मराठ्यांशी लढून माळवा टिकत नाही हे त्याला कळून चुकले होते, आणि बाजीरावांशी तडजोड करावी असे त्याचे मत होते. पुढच्याच वर्षी, १७३६ साली, दोघांची भेट भामोलाव येथे झाली; तिची पार्श्वभूमी या यात्रेने तयार केली असे म्हणता येईल. म्हणून काही इतिहासकार राधाबाईंच्या यात्रेला केवळ वकिली ठरवतात. मला ते पटत नाही. राजकारण असले म्हणजे पाहुणचार खोटा ठरत नाही. आपल्याकडे लग्नकार्यात येणाऱ्या व्याह्यांचा मान ठेवताना हिशेब नसतो काय? एक विधवा स्त्री शत्रू-मित्रांच्या मुलखातून जवळजवळ सव्वा वर्ष फिरते आणि सुखरूप घरी येते, ही गोष्ट अठराव्या शतकात लहान नव्हती. त्या काळी तीर्थयात्रा हेच देश पाहण्याचे साधन होते, आणि यात्रेकरू हा सर्वांचाच पाहुणा होता.

दुसरा प्रसंग १७५१ सालचा, आणि त्याच्या मध्यभागी आपल्या इंदूर संस्थानाचे संस्थापक आहेत. सवाई जयसिंह १७४३ साली वारला. त्याचे पुत्र ईश्वरीसिंह आणि माधोसिंह यांच्यात गादीसाठी तंटा लागला. त्या तंट्यात पेशवे, शिंदे आणि होळकर कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस उतरले, आणि प्रत्येक खेपेस लाखांच्या रकमा कबूल करवून घेतल्या. १७४८ साली बगरूच्या लढाईत मल्हारराव माधोसिंहाच्या बाजूने होते. ईश्वरीसिंहाकडून कबूल रकमा वसूल होईनात, त्याने आपल्याच कर्तबगार दिवाणास, केशवदासास, विष देवविले. केशवदासाशी मल्हाररावांचे सख्य होते. तोही राग होता. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव फौजेनिशी जयपुराजवळ येऊन ठेपले. तिजोरी रिकामी होती, फौज नव्हती. ईश्वरीसिंहाने विष घेऊन आणि सर्पदंश करवून घेऊन आपले जीवन संपवले. त्याच्या राण्यांनीही तोच मार्ग धरला. मल्हाररावांना याचे वाईट वाटले असेल असे मी मानतो, परंतु वसुली थांबली नाही. माधोसिंहाला गादी मिळाली, जयाप्पा शिंदेही जानेवारीच्या आरंभी येऊन पोहोचले, आणि आता रकमेबरोबर मुलुखाचाही हिस्सा हवा अशी मागणी झाली.

१० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतील काही हजार माणसे जयपूर शहर पाहण्यास गेली. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा थबकलो. ही माणसे त्या दिवशी लुटीस किंवा लढाईस गेलेली नव्हती. १७२७ साली वसवलेले, सरळ रस्त्यांचे, चौपडीच्या आखणीचे ते नवे शहर तेव्हा हिंदुस्थानभर नावाजलेले होते. देवळांचे दर्शन घ्यावे, बाजार करावा, घरी नेण्यास काही जिन्नस घ्यावेत, इतकाच त्यांचा हेतू होता. आजच्या भाषेत ते त्या दिवसापुरते पर्यटक होते. भर दुपारी गलका झाला, वेशी बंद झाल्या आणि शहरातील लोकांनी मराठा दिसेल तेथे कापण्यास सुरुवात केली. रात्रीपर्यंत ते चालू होते. मृतांचा आकडा हजारांत गेला. तटावरून उड्या टाकून निसटू पाहणाऱ्यांचे हातपाय मोडले. माधोसिंहाने नंतर जमाव आपल्या आवाक्याबाहेर गेला होता असे कळवून समजूत घातली, आणि मराठ्यांनीही ती वरकरणी मान्य केली, कारण तट फोडण्यास लागणाऱ्या तोफा त्यांच्यापाशी नव्हत्या.

एक वेस, एकच बाजार. तेथे १७३५ मध्ये पेशव्यांच्या मातोश्रींना सन्मानाने नेले, आणि १७५१ मध्ये त्याच वेशी आतून बंद करून आपल्या लोकांना मारले. मधल्या सोळा वर्षांत शहर बदलले नव्हते, पाहुणाच बदलला होता. ज्या दक्षिणी माणसाची जयपूरकर वाट पाहत असत, तो आता खंडणीची यादी घेऊन येत होता. शहर पाहण्यास गेलेल्या बिचाऱ्या शिपायांचा यात वैयक्तिक अपराध नव्हता. त्यांच्यात बारगीर, खिजमतगार, सामान्य माणसे असणार. पण त्यांच्या मागे छावणीत कोण बसले आहे, हे वेशीवरच्या माणसाला दिसत होते. याच घडामोडींच्या ओघात माधोसिंहाकडील रामपुऱ्याचा प्रांत होळकरांकडे आला. आजच्या नीमच-मंदसौर जिल्ह्यांतील रामपुरा-भानपुरा तो हाच. तेथील चंद्रावत रजपुतांचे जुने वतन गेले आणि त्यांची बंडे अहिल्याबाईंच्या काळापर्यंत चालू राहिली. महेश्वरच्या घाटावर उभे राहून आपण जे वैभव दाखवतो, त्याच्या जमाखर्चात हीही एक बाजू आहे.

आता हे सर्व आपणास कळले कसे, ते सांगणे अगत्याचे आहे. कारण माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत चांगला भाग तोच आहे.

जयपूरच्या कत्तलीची हकीकत मराठी पत्रांत होती, आणि ती पत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेली पडली होती. मुंबई सरकारने ते दप्तर तपासण्याचे काम रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर सोपवले. सरदेसाई बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेतून १९२५ साली निवृत्त झाले होते, ‘मराठी रियासत’ लिहून त्यांचे नाव घरोघरी झाले होते. १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत त्यांनी दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापून काढले. निवृत्तीनंतर माणूस काय करू शकतो याचा हा नमुना आमच्यासारख्या निवृत्तांनी डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. या कामासाठी सरदेसायांचे नाव सुचवणारे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे गृहस्थ होते सर जदुनाथ सरकार, राजशाहीच्या बाजूचे बंगाली. औरंगजेबाचा इतिहास लिहिता लिहिता ते शिवाजीपर्यंत आले, शिवाजीपासून मराठ्यांपर्यंत आले, आणि मूळ कागद वाचण्यासाठी मराठी शिकले.

या दोघांची मैत्री विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पत्रांतून सुरू झाली आणि जदुनाथांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत, टिकली. ते एकमेकांकडे येत-जात, कामशेतच्या सरदेसायांच्या घरी जदुनाथांचे मुक्काम होत. जदुनाथ पाटण्यास अध्यापन करीत होते, त्या पाटण्याच्या विद्यापीठात सरदेसायांनी १९२६ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या मुख्य प्रवाहांवर व्याख्याने दिली. सरदेसायांचे चिरंजीव श्यामकांत शांतिनिकेतनात शिकले होते. उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले आणि तरुण वयातच वारले. जदुनाथांचेही एक चिरंजीव फाळणीच्या सुमारास कलकत्त्याच्या दंगलीत मारले गेले. दोन वृद्ध इतिहासकारांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत कागदपत्रांच्या चौकशीबरोबर घरचे हे दुःखही येते.

पण ही मैत्री एकमताची नव्हती, हे विशेष. सरदेसायांना मराठ्यांच्या उत्तरेकडील हालचालींमागे एक व्यापक हिंदू ध्येय दिसत असे. जदुनाथांना ते तितकेसे मान्य नव्हते. जयपूर, मारवाड आणि बंगाल या प्रांतांनी मराठी फौजांचे काय सोसले ते त्यांनी निर्भीडपणे लिहिले. बंगालच्या वर्ग्यांच्या आठवणी त्यांच्या प्रांतात बाळांना झोपवण्याच्या गाण्यात उतरल्या होत्या. पुण्यातील अनेक विद्वानांना जदुनाथांचे लेखन खटकले आणि त्यांना साथ देणारे सरदेसाई त्याहून अधिक खटकले. पेशवे दप्तराचे काम आपल्या संस्थांना डावलून एका ‘बडोदेकरास’ दिले हाही सल होता. त्या वादात दोन्ही बाजूंना काही काही सत्य होते. पुण्याच्या मंडळींनी गावोगाव हिंडून जे कागद वाचवले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र सरदेसायांनी मित्राच्या मतासाठी आपले मत सोडले नाही आणि आपल्या मतासाठी मित्रही सोडला नाही. जयपूरची हकीकत मराठ्यांना शोभा देणारी नव्हती, तरी ती पत्रे त्यांनी आपल्या हाताने छापली. जदुनाथांनी ‘मोगल साम्राज्याचा ऱ्हास’ या चार खंडांच्या ग्रंथात तीच वापरली.

या दोघांत तिसरा मिळाला तो आपल्या माळव्याचा. सीतामऊ हे मंदसौरच्या पूर्वेस असलेले राठोड रजपुतांचे छोटे संस्थान. मराठी अमलात ते शिंदे सरकारला खंडणी भरीत असे, आणि माल्कमच्या व्यवस्थेतही ती खंडणी चालूच राहिली. तेथील महाराजकुमार रघुवीरसिंह यांचा जन्म १९०८ सालचा, म्हणजे सरदेसायांपेक्षा ते त्रेचाळीस वर्षांनी लहान. जदुनाथांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी माळव्याच्या इतिहासावर प्रबंध लिहिला आणि १९३६ साली आग्रा विद्यापीठाची डी. लिट्. मिळवली. त्याच वर्षी तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुढे हिंदीत ‘मालवा में युगांतर’ या नावाने आला. ग्रंथाचा काळ १६९८ ते १७६५ हा आहे, म्हणजे नेमका तो काळ ज्यात आपले पूर्वज नर्मदा उतरून येथे आले. इंग्रजी ग्रंथाच्या उपशीर्षकात त्या शतकाला त्यांनी अराजकाचे शतक म्हटले आहे. आपल्या घरात ज्याला आपण ‘उत्तर दिग्विजय’ म्हणतो, त्याचे नाव खंडणी भरणाऱ्याच्या घरात असे आहे.

आपल्यापैकी कोणास हे नाव बोचले तर ते मी समजू शकतो. मलाही पहिल्या वाचनात बोचले होते. परंतु ग्रंथ वाचून पाहावा. रघुवीरसिंहांनी मोगल अंमलदारांचे, रजपूत संस्थानिकांचे, स्वतःच्या जातभाईंच्या आपसांतल्या भांडणांचे दोषही तितक्याच उघडपणे मांडले आहेत, आणि मराठी साधनांचा आधार पानोपानी घेतला आहे. त्याहून मोलाची गोष्ट पुढची. जदुनाथ आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली मुंबई सरकारने पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची मालिका काढली. तिचा पहिला खंड महादजी शिंद्यांचा, तो स्वतः जदुनाथांनी संपादला. त्याच मालिकेतील १८०२ ते १८०४ चा खंड, ज्यात वसईचा तह आणि दक्षिणेतील इंग्रज-मराठे युद्ध आहे, तो संपादण्यास दिला रघुवीरसिंहांना. तो १९५१ साली निघाला. मराठी स्वातंत्र्याच्या अंताचा कागद शिंद्यांना खंडणी भरणाऱ्या घराण्यातील पुरुषाने नीट लावून, टिपा देऊन आपल्या हाती ठेवला आहे. त्याच्या हाती हा कागद द्यावा असे ज्यांना वाटले त्यांच्या मनाचा मोठेपणा मला वसईच्या तहाइतकाच ऐतिहासिक वाटतो.

युद्धभूमी स्वतः पाहिल्याशिवाय युद्धाचे वर्णन लिहू नये, असा जदुनाथांचा कटाक्ष असे. नदीचा उतार कोठे, टेकडीआडून तोफ दिसते की नाही, फौजेला पाणी किती अंतरावर, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी त्यांनी वृद्धापकाळापर्यंत प्रवास केला, आणि सरदेसायांबरोबर दक्षिणेतली स्थळे पायाखाली घातली. हा खरा पर्यटनाचा प्रकार म्हणता येईल. त्यात गाइड नव्हता, दोन माणसे होती आणि त्यांचे आपसांत पटत नव्हते. आपल्या पाहुण्यांना इतके सोसणार नाही हे मी जाणतो. पण महेश्वरपर्यंत आलेला माणूस थोडी वाट वाकडी करून सनावदजवळच्या रावेरखेडीस सहज जाऊ शकतो. तेथे २८ एप्रिल १७४० रोजी बाजीरावांनी देह ठेवला आणि नर्मदेकाठी त्यांची समाधी आहे. २०१५ च्या चित्रपटाने बाजीरावांचे नाव नव्या पिढीच्या तोंडी झाले, ही त्या चित्रपटाची मी मान्य केलेली एकमेव कामगिरी. महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ ची लढाई झाली, जिच्यानंतर पंधरवड्यात मंदसौरच्या तहावर सही होऊन होळकरांचे स्वतंत्र राज्य संपले. तेथे कोणी उतरत नाही. भानपुऱ्यास थोरल्या यशवंतराव होळकरांची छत्री आहे, तिकडे तर आपण इंदूरकरही क्वचित जातो.

मी एकदा पुण्याच्या काही नातलगांना घेऊन माझ्या रजपूत स्नेह्यांसह भानपुऱ्यास गेलो होतो. छत्रीपाशी मी यशवंतरावांची हकीकत सांगितली: इंग्रजांशी झुंजलेला सरदार, तोफा ओतण्याच्या ध्यासात १८११ साली येथे वारला, वगैरे. माझे सांगून झाल्यावर स्नेह्यांनी रामपुऱ्याच्या चंद्रावतांची बाजू सांगितली, हिंदी-माळवीत, हसत हसत, पण एकही गोष्ट न गाळता. पाहुणे प्रथम अवघडले. मग त्यांच्यातील एका महाविद्यालयीन मुलीने असे काही विचारण्यास सुरुवात केली की आम्हा दोघांनाही उत्तरे सापडेनात, आणि जेवणाची वेळ टळून गेली. राजवाड्यापुढे मी एकट्याने केलेल्या कोणत्याही निरूपणानंतर मला इतके प्रश्न कधी आले नव्हते.

रघुवीरसिंहांनी सीतामऊस जे ग्रंथालय उभे केले ते मी नोकरीच्या काळात पाहिले. फारसी हस्तलिखितांच्या परदेशांतून आणवलेल्या प्रती, रजपूत राज्यांचे कागद, आणि त्याच छताखाली मोडी रुमाल. १९७४ साली त्यांनी तेथे श्री नटनागर शोध संस्थान स्थापन केले. नटनागर हे त्यांच्याच घराण्यातील एका कविराजपुत्राचे टोपणनाव. कोट्याला मराठ्यांचा कारभार पाहणाऱ्या गुळगुळे घराण्याचे मोडी दप्तर प्रसिद्ध आहे. ग्वाल्हेरच्या आनंदराव फाळक्यांनी शिंदेशाहीच्या साधनांत त्याचा काही भाग छापला. या दप्तराचे कागद आज अभ्यासकांना पाहावयास मिळतात ते सीतामऊस. गुळगुळे म्हणजे आपल्यासारखेच, दक्षिणेतून येऊन परमुलखात स्थिरावलेले घराणे. त्यांचे वसुलीचे हिशेब शेवटी सांभाळले गेले ते एका रजपूत राजघराण्याच्या कपाटात. याच प्रवासाचे दुसरे टोक असे की जदुनाथांनी रघुवीरसिंहांना लिहिलेली पत्रे श्री. रा. टिकेकरांनी संपादली आणि १९७५ साली ती छापली महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाने. एका बंगाल्याने एका माळवी रजपुताला लिहिलेली पत्रे, आणि खर्च मराठी माणसाचा.

सभेच्या सदस्यांपैकी अनेकांच्या घरी जुने बस्ते आहेत हे मला माहीत आहे. इनामाच्या सनदा, कमाविसीचे ताळेबंद, जासूदजोडीबरोबर आलेली खुशालीची पत्रे, लग्नातील आहेराच्या याद्या. मोडी वाचणारे हात आता आपल्या गावात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि घर पाडून इमारत बांधताना माळ्यावरचा बस्ता प्रथम जातो. काही मंडळी बस्ता दाखवण्यास कचरतात. जमिनीचा वाद निघेल ही भीती जुनी आहे, आणि मी महसूल खात्याशी संबंध आलेला माणूस म्हणून सांगतो की दोनशे वर्षांपूर्वीच्या सनदेवरून आज कोणाची जमीन जात नाही. दुसरी भीती न बोललेली असते, की त्या कागदांत आपल्या पूर्वजाने कोणाकडून काय आणि कसे वसूल केले तेही निघेल. निघेलच. सरदेसायांनी छापलेल्या ४५ भागांतही ते निघाले.

माझ्या घरच्या बस्त्यात सात रुमाल आहेत. त्यांतील दोन रामपुरा प्रांताच्या वसुलीचे आहेत, असे वरच्या कापडावरील शेऱ्यावरून दिसते. आत ज्या गावांची नावे आहेत त्यांत माझ्या स्नेह्यांच्या आजोळचे गाव आहे. गेल्या दिवाळीत ते सपत्नीक इंदुरास आले होते तेव्हा मी त्यांना ते पान दाखवले. मोडी त्यांना येत नाही; मी एकेक रक्कम वाचून दाखवली आणि त्यांनी ती आपल्या डायरीत देवनागरीत उतरवून घेतली. चार वर्षांचा आकडा सारखाच होता, पाचव्या वर्षी दुष्काळामुळे सूट दिल्याची नोंद होती. सूट कोणी मागितली आणि कोणी दिली, ती नावे पुढच्या रुमालात असावीत. तो रुमाल आम्ही दोघे मिळून उघडणार आहोत. कापड जीर्ण झाले आहे, म्हणून पावसाळा संपण्याची वाट पाहत आहोत.